जेनेट रँकिन दोन्ही महायुद्धांच्या वेळी खरंच एकटी होती का? (८ मार्चच्या भाषणासाठी मदत पाहिजे)

अंत्रुजची_पंचबाई

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात ८ मार्चला महिला मंडळाचा कार्यक्रम असतो. दरवर्षी तेच, समई लावायची, सावित्रीबाईंच्या फोटोला हार, कोणीतरी पाव तास बोलायचं आणि मग भाजीपाव न् चहा. यंदा बोलायची पाळी माझी, कारण मी पंच आहे आणि पंच म्हणजे बोलायला येतं असा लोकांचा समज.

मुलगी म्हणाली आई, जेनेट रँकिनवर बोल, अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली बाई. तिने मोबाईलवर एक फॉरवर्ड दाखवला, त्यात लिहिलंय की पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही महायुद्धांच्या वेळी ही एकटीच युद्धाच्या विरोधात उभी राहिली. मला बाई आवडली पण फॉरवर्डवर माझा विश्वास नाही, मागे असल्याच एका फॉरवर्डवरून मी ग्रामसभेत तोंडघशी पडलेय.

तर प्रश्न तीन. खरंच दोन्हीवेळा एकटी होती का? दुसरं, १९१६ साली ती निवडून आली आणि अमेरिकेत बायकांना मत मिळालं १९२० ला, मग बायकांना मतच नव्हतं तर ही उभी कशी राहिली, पुरुषांनी निवडून दिली की काय? आणि तिसरं, ही भारतात सात वेळा आली म्हणतात, त्यात गोव्यात कधी आली होती का? आली असेल तर माझं भाषण तिथेच जमलं.

खरं सांगायचं तर अजून एक कारण आहे. मागच्या टर्मला आमच्या पंचायतीत एका ठरावाच्या वेळी मी एकटीने हात वर केला नव्हता. काय ठराव ते इथे नको. त्यानंतर सहा महिने मला मीटिंगचा चहासुद्धा शेवटी मिळायचा. म्हणून ही बाई जवळची वाटली.

पुस्तकी_किडा_मडगाव

पंचबाय, फॉरवर्ड अर्धा खरा आहे. १९१७ ला ती एकटी नव्हती. जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारायचा ठराव हाऊसमध्ये (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) ३७३ विरुद्ध ५० ने पास झाला आणि त्या ५० मधली ती एक, बाकीचे ४९ पुरुष. सिनेटमध्येही (वरचं सभागृह, आपल्या राज्यसभेसारखं) सहा जण विरोधात होते. एकटी पडली ती दुसऱ्या वेळी, ८ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३८८ विरुद्ध १. तो १ म्हणजे ती.

पण गंमत बघा, १९१७ ला ५० जण असूनही पेपरांनी झोडपली तिला एकटीलाच. ४९ बाप्यांचं कोणाला पडलं नव्हतं. बाई आहे ना, रडली म्हणे मत देताना. म्हणजे मत काय दिलं यापेक्षा डोळ्यांत पाणी होतं का यावर चर्चा. त्याच सभागृहात ला ग्वार्डिया नावाचा न्यूयॉर्कचा खासदार होता (पुढे तिथला मेयर झाला, विमानतळाला त्याचंच नाव आहे), त्याला कोणीतरी विचारलं ती रडत होती का हो, तर तो म्हणाला माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला काय दिसणार. आणि हा स्वतः युद्धाच्या बाजूने मत दिलेला माणूस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: १९२० ला मिळाला तो देशभरचा हक्क. त्याच्या आधी अमेरिकेत एकेका राज्याने आपापला निर्णय घेतला होता, मोंटाना राज्याने १९१४ ला बायकांना मत दिलं आणि ते मिळवायच्या चळवळीत ही स्वतःच पुढे होती. १९११ ला मोंटानाच्या विधिमंडळापुढे जाऊन भाषण केलेली पहिली बाई हीच. म्हणजे आधी मत मिळवलं, मग दोन वर्षांनी त्याच मतांवर आणि अर्थात पुरुषांच्याही मतांवर निवडून आली.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला फार आवडते. मोंटानाला तेव्हा दोन जागा होत्या पण मतदारसंघ पाडलेले नव्हते, अख्खं राज्य एकच मतदारसंघ आणि पहिले दोन निवडून यायचे. ही दुसरी आली. आपल्याकडेही १९५२, ५७ च्या निवडणुकांत काही ठिकाणी दोन-दोन खासदारांचे मतदारसंघ होते तसंच थोडंसं. तिचा भाऊ वेलिंग्टन वकील होता, पैसेवाला, राजकारणातला, त्याने प्रचाराची सगळी व्यवस्था बघितली. पक्ष रिपब्लिकन.

ताळगावची_सून

त्या ५० मतांच्या रात्रीबद्दल मी सांगते, मी कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचे, आता रिटायर.

२ एप्रिल १९१७ ला तिचा शपथविधी. सकाळी बायकांच्या संघटनांनी तिच्यासाठी नाश्त्याचा कार्यक्रम ठेवलेला, फुलांचा गुच्छ हातात घेऊन सभागृहात शिरली, सगळे उठून टाळ्या वाजवतायत. आणि त्याच संध्याकाळी प्रेसिडेंट विल्सन येऊन युद्धाची मागणी करतो. म्हणजे नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आली आणि घरात भांडण पेटलेलं. पुढचे चार दिवस सगळ्यांनी तिला धरून ठेवलं. भाऊ सांगतोय पुरुषासारखं मत दे, नाहीतर पुन्हा निवडून येणार नाहीस. मताधिकाराच्या चळवळीतल्या कॅरी चॅपमन कॅट वगैरे मोठ्या बायकांना भीती, हिने नाही म्हटलं तर लोक म्हणतील बघा बायका कमकुवत, यांना कशाला मत द्या. म्हणजे एका बाईच्या मताचं ओझं देशातल्या सगळ्या बायकांच्या डोक्यावर. ४९ पुरुषांपैकी एकालाही असलं ओझं नव्हतं.

६ एप्रिलला पहाटे तीनच्या सुमाराला मतदान झालं. गुड फ्रायडे होता तो. मी क्रिश्चन घरातली, गुड फ्रायडेला आमच्याकडे मोठ्याने बोलायचं पण नाही, त्या दिवशी युद्ध पुकारलं हे मला दरवेळी वाचताना खटकतं. नाव पुकारलं तेव्हा पहिल्यांदा ती गप्प बसली. मग म्हातारा जो कॅनन, आधी स्पीकर होता तो, तिच्याजवळ आला आणि म्हणाला, बाई, मत न देणं तुला परवडणार नाही, तू देशातल्या बायकांची प्रतिनिधी आहेस. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, मला माझ्या देशाच्या पाठीशी उभं राहायचंय पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही. मतदानाच्या वेळी नुसतं हो की नाही म्हणायचं, भाषण करायचं नाही, असा रिवाज. तो तिने मोडला.

पंचबाई, भाषणात हे घ्याच.

तर्कट_तिमाजी

सगळं ठीक आहे पण मी वाईट बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे तर बोलतोच. १९१७ चं समजू शकतो, त्या युद्धाने कोणाचं भलं झालं देव जाणे. पण १९४१? जपानने बाँब टाकलेत, हजारो माणसं मेली, समोर हिटलर उभा आहे आणि बाई म्हणते मी नाही. त्या एका मताने काय थांबलं? ३८८ विरुद्ध १. हे धाडस की हट्ट? आमच्या वाड्यावर पण एक आजा होता, देवळाच्या प्रत्येक बैठकीत विरोधात, शेवटी त्याला बैठकीची तारीखच कळवायचे बंद झाले.

पुस्तकी_किडा_मडगाव

तिमाजी, तुमचा मुद्दा मी पण अर्धा मानतो, १९४१ ला ती चुकली असंच मला वाटतं. पण हट्टी आजा आणि ही यात फरक आहे, ती लोकांना सांगून आलेली होती. १९४० च्या निवडणुकीत वयाच्या साठाव्या वर्षी उभी राहिली ती शांततेच्याच मुद्द्यावर, मतदारसंघातल्या हायस्कुलांत फिरली, पोरांना सांगितलं घरी जाऊन आईबापांना सांगा युद्ध नको. मग वेळ आली तेव्हा शब्द फिरवला नाही, एवढंच.

आणि त्या दिवशी काय झालं ते पण ऐका. तिला बोलायचं होतं, स्पीकर रेबर्नने बोलूच दिलं नाही. मत देताना म्हणाली की मी बाई असल्यामुळे युद्धावर जाऊ शकत नाही आणि दुसऱ्या कोणाला पाठवायला माझा नकार आहे. सभागृहात हिस्स हिस्स आवाज. बाहेर पडली तर गर्दी, पत्रकार अंगावर, शेवटी ती एका टेलिफोन बूथमध्ये शिरली, दार लावून घेतलं आणि आतून पोलिसांना फोन केला की मला इथून बाहेर काढा. पोलिसांनी तिला ऑफिसपर्यंत पोचवलं. भावाची तार आली की मोंटाना शंभर टक्के तुझ्याविरुद्ध आहे. सख्खा भाऊ!

तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीवरचे ठराव आले तेव्हा ती नुसती 'हजर' म्हणाली, हो पण नाही आणि नाही पण नाही. १९४२ ला उभीच राहिली नाही, राहिली असती तरी डिपॉझिट गेलं असतं असं आपल्या भाषेत म्हणू. कॅन्ससमधल्या एका गावच्या पेपराचा संपादक होता विल्यम अ‍ॅलन व्हाईट, त्याने लिहिलं की तिची भूमिका आम्हाला अजिबात मान्य नाही पण काय धाडस केलं बाईने. मला वाटतं तिमाजी तुमचं आणि माझं पण हेच म्हणणं आहे, तुम्ही फक्त पहिलं वाक्य बोलताय.

डिचोलीचो_बाब

मी जरा वेगळंच सांगतो, कारण सगळे त्या दोन मतांभोवतीच फिरतात आणि मधलं काम कोणी बघत नाही.

मी खाणपट्ट्यातला. बाबा खाणीवर होते, मी पण २०१२ ला खाणी बंद होईपर्यंत ट्रकच्या धंद्यात. त्यामुळे मोंटाना म्हटलं की मला बुट्टे आठवतं. (इंग्रजीत स्पेलिंग काहीतरी वेगळंच आहे, 'ब्यूट' म्हणतात, पण आमच्या ग्रुपात सगळे बुट्टेच म्हणतो.) तांब्याच्या खाणींचं गाव, जमिनीखाली मैलोनमैल बोगदे. ८ जून १९१७ ला, म्हणजे तिचं ते मत देऊन दोन महिनेच झालेत, तिथल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागली. कशी लागली बघा, आगीपासून बचावाची व्यवस्था सुधारायला म्हणून मोठी विजेची केबल खाली सोडत होते, ती निसटून पडली, तिचं वरचं आवरण फाटलं, तेलात भिजलेलं आतलं कापड उघडं पडलं, आणि खाली बघायला गेलेल्या माणसाच्या कार्बाइडच्या दिव्याने ते पेटलं. १६८ माणसं गेली. बरीचशी धूर आणि गॅसने. काही जण बोगद्यात भिंत घालून कपडे कोंबून फटी बुजवून बसले आणि वाचले, कित्येक जण पक्क्या काँक्रीटच्या भिंतींपाशी अडकून मेले कारण त्या भिंतींना कायद्याने पाहिजे ती दारंच ठेवली नव्हती.

मग संप. संपाच्या विरोधात मोंटानाची सगळ्यात मोठी कंपनी अ‍ॅनाकोंडा, राज्यातले बरेचसे पेपर तिच्याच खिशात. १ ऑगस्टला फ्रँक लिटल नावाच्या कामगार पुढाऱ्याला रात्री खोलीतून उचलला आणि रेल्वेच्या पुलावर फासावर लटकवला. आणि त्या महिन्यात ही बाई वॉशिंग्टन सोडून बुट्टेत आली, हजारो कामगारांसमोर बोलली. युद्धाच्या काळात संप म्हणजे देशद्रोह असं वातावरण. तिने तर खाणी सरकारने ताब्यात घ्याव्यात असा ठराव पण मांडला. कंपनी आता मला सोडणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि सोडलं नाहीच. वर किड्याने सांगितलं ना, अख्खं राज्य एक मतदारसंघ, तर १९१८ च्या निवडणुकीच्या आधी विधिमंडळाने राज्याचे दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम. ती रिपब्लिकन, आणि तिच्या वाट्याला आला तो डेमोक्रॅटांचा जोर असलेला भाग. वॉर्ड फिरवायची ही कला आम्हाला काय कोणी शिकवायला नको. मग तिने सिनेटची निवडणूक लढवली, पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक) हरली, तिसऱ्याच पक्षाकडून उभी राहिली, तिथेही हरली. लोक म्हणतात युद्धाच्या मतामुळे पडली. मला विचाराल तर तांब्याने पाडली.

ताळगावची_सून

डिचोलीकर, मनातलं बोललात. मी वर्गात पण हेच सांगायचे की मधली कामं वाचा. दोन सांगते.

एक, वॉशिंग्टनमध्ये नोटा छापायचा सरकारी कारखाना आहे, तिथे शेकडो बायका कामाला, युद्धामुळे बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त राबवत होते. बायकांनी हिच्याकडे गुपचूप तक्रार केली. हिने स्वतः माहिती काढली, माणसं आणून चौकशी सुरू करायला लावली आणि महिन्याभरात आठ तासांची पाळी परत आली. यावर कोणाचा पुतळा उभा राहत नाही. पण एखाद्या बाईला विचारा, चार तास आधी घरी जायला मिळणं म्हणजे काय.

दुसरं, १९१८ ला तिने बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी सरकारी पैसा द्यावा असं बिल आणलं, ते तेव्हा पास झालं नाही, पण १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा त्याच्यावरूनच आला, तोवर ही घरी बसलेली. आपल्याकडच्या आंगणवाडी आणि नर्सबाईंची जी कामं आहेत ना, घरोघरी जाऊन गरोदर बायकांना सांगणं, तसलंच काम त्या कायद्याखाली व्हायचं.

आणि मताधिकाराची घटनादुरुस्ती १० जानेवारी १९१८ ला हाऊसमध्ये आली तेव्हा चर्चा हिनेच उघडली. म्हणाली, जगात लोकशाही टिकवायला म्हणून ज्या संसदेने युद्धाला मत दिलं तीच संसद आपल्याच देशातल्या बायकांना एवढीशी लोकशाही देत नाही, हे आपण कसं समजावणार? २७४ विरुद्ध १३६ ने पास झाली, दोन तृतीयांश म्हणजे अगदी काठावर. सिनेटने मात्र तेव्हा पाडली, पुढच्या वर्षी झाली पास, पण तेव्हा ही सभागृहात नव्हती. देशातल्या बायकांना मत मिळावं म्हणून संसदेत मत दिलेली ती एकुलती एक बाई, हे तिने स्वतःच पुढे अभिमानाने सांगितलंय.

केपेकर_७१

गोव्याचं विचारलंय त्याला कोणी हात लावला नाही म्हणून मी लावतो. ती भारतात आली ती १९४६ पासून १९७१ पर्यंत सात वेळा, गांधींच्या अहिंसेचा अभ्यास करायला. नेहरूंना भेटली, गांधींची भेट मात्र तिच्या नशिबात नव्हती. गोव्याशी नातं जोडायचंच असेल तर साल जोडा, १९४६, त्याच वर्षी १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली होती. पण 'गोव्यात आली' असं बोलू नका, महिला मंडळात कोणीतरी गुगल करणारी सुनबाई असतेच.

आणि एकटं मत म्हणाल तर आमच्या घरची गोष्ट. १९६७ चा ओपिनियन पोल, १६ जानेवारी, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (फूल) की वेगळा ठेवायचा (दोन पानं) यावर मतदान. आमचे आजोबा कट्टर मराठीवादी, विलीनीकरणवाले, घरावर फुलाचं चिन्ह रंगवलेलं. घरातले सगळे फूल म्हणजे फूल. मतदान झालं, निकाल आला, दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला १ लाख ३८ हजार १७०. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजी चुलीपुढे बसून नारळ खवत होती, आजोबा म्हणाले कोणी घात केला देव जाणे, तर आजी नारळावरची नजर न काढता म्हणाली, मी दोन पानांवर मारलं. बस. परत खवायला लागली. मी तेव्हा सहावीत, माजघराच्या दारात उभा, हातात पाटी. आजोबा काही म्हणाले नाहीत, पडवीत जाऊन बसले. त्यानंतर मरेपर्यंत त्या दोघांत हा विषय निघाला नाही. माझं स्वतःचं मराठी प्रेम आजोबांचंच आहे हं, म्हणून तर इथे लिहितोय, पण रँकिनबद्दल वाचलं की मला आजी दिसते.

तर्कट_तिमाजी

केपेकर, ही गोष्ट तुम्ही आधी का नाही सांगितलीत. मी माघार नाही घेत पण आज्याची गोष्ट परत घेतो. शेवटी काय झालं त्या बाईचं?

पुस्तकी_किडा_मडगाव

जॉर्जियात १९२४ ला जमीन घेऊन साधं घर बांधलेलं, वीज पण नव्हती त्यात सुरुवातीला, कित्येक वर्षं तिथेच. लग्न केलं नाही. मग १९६८ च्या जानेवारीत, वय ८७, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये काही हजार बायकांचा मोर्चा निघाला, त्याला नावच 'जेनेट रँकिन ब्रिगेड', आणि ही सगळ्यात पुढे चालत, बर्फातून. तेव्हा तिच्या त्या 'नाही'ची परत आठवण निघाली. १८ मे १९७३ ला कॅलिफोर्नियात गेली, ९३ ला महिनाभर बाकी होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, पंचबाय हे पण जोडता येईल तुम्हाला, आणि यात काही खोटं नाही. अमेरिकेच्या संसद भवनात मोंटानाने तिचा पुतळा १९८५ ला ठेवला, खाली तेच वाक्य, मी युद्धाला मत देऊ शकत नाही.

अंत्रुजची_पंचबाई

देव बरें करूं सगळ्यांचं! दोन रात्री बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. सुरुवात मी फोन बूथपासूनच करणार, दार लावून आत उभी राहिलेली साठीतली बाई आणि बाहेर गर्दी, मग मागे जाऊन नोटांच्या कारखान्यातल्या बायका आणि बुट्टेची खाण. युद्धाच्या मतांना पाच मिनिटं पुरे. केपेकर, तुमच्या आजीची गोष्ट नाव न सांगता सांगू का? हो म्हणा.

एक अडचण आहे. काल मुलीला वाचून दाखवलं तर विचारते टेलिफोन बूथ म्हणजे काय गो आई.

डिचोलीचो_बाब

एसटीडी बूथ म्हणा. मंडळातल्या बायकांना लगेच कळेल, निम्म्यांनी लग्न ठरताना तिथूनच फोन केलेत, बाहेर लायन लावून.

केपेकर_७१

सांगा. फक्त नारळाचं विसरू नका.